सीसीचा आकडा शेवटी, आधी कप्पा: इम्प्लांट बदलण्याआधी काय मोजून घ्यावं

प्रश्न: माझं वय 37. आठ वर्षांपूर्वी स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया केली. दोन्हीकडे 425 सीसीची गोल सिलिकॉन इम्प्लांट्स, स्नायूखाली. नंतर एक बाळंतपण झालं, बाळाला दीड वर्ष अंगावर पाजलं आणि पुढे वजन आठ किलोनं उतरलं. आता उजवा स्तन खाली गेलाय, स्तनाग्र वर बघतं, आडवी झाले की इम्प्लांट काखेकडे घसरतं. डावा त्या मानानं वरच आहे, पण हाताला कडक लागतो. व्यायाम करताना दोन्ही इम्प्लांट्स बाहेरच्या बाजूला सरकलेली स्पष्ट दिसतात. एका सर्जनचं म्हणणं, 500 सीसीची घालू, सगळा सैलपणा भरून निघेल. दुसऱ्या म्हणाल्या, 325 घ्या, कप्पा, म्हणजे इम्प्लांट बसतं ती आतली जागा, बदलू, गरज पडली तर स्तन वर उचलायचं ऑपरेशनही करू. मला लहान दिसायची भीती वाटते, पण परत परत ऑपरेशनही नकोय. कुणाचं ऐकू? आणि या वेळी स्नायूवर घालायची की खालीच ठेवायची?
– एक वाचक

उत्तर: तुमच्यासमोर दोन आकडे ठेवले गेलेत आणि त्यातला खरा कोणता, असा तुमचा प्रश्न आहे. तो वाद जरा बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी दिसतात. उजवीकडे इम्प्लांट स्तनाखालच्या घडीच्या खाली उतरलंय. डावीकडे त्याच्याभोवतीचं आवरण, म्हणजे कॅप्सूल, आवळलं असावं. आणि दोन्हीकडे छातीचा स्नायू आखडला की इम्प्लांटला ढकलतोय. नुसतं माप बदलून यातली एकही तक्रार जात नाही. माप चुकलं तर मात्र तिन्ही वाढतात. पत्रावरून निदान होत नाही हे खरं, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून 500 चा सल्ला आम्हाला पटत नाही. 325 हाच आकडा बरोबर ठरेल असं नाही, पण दिशा तीच हवी.

500 चा मोह का पडतो तेही समजून घ्या. मोठं इम्प्लांट घातलं की सैल त्वचा लगेच ताणली जाते, वरचा भाग भरतो आणि पहिले दोन-तीन महिने आरशात छान दिसतं. पण सिलिकॉन जेलचं वजन एका सीसीला जवळपास एक ग्रॅम असतं. म्हणजे आज प्रत्येक बाजूला चारशे ग्रॅमहून जास्त भार आहे, तो अर्ध्या किलोच्या घरात जाणार. हा भार ज्या ऊतींनी पेलायचा, त्या आठ वर्षं ताणल्या गेल्या आहेत, स्तनपानानंतर ग्रंथी आटल्या आहेत आणि वजन उतरल्यानं चरबीचा थरही पातळ झालाय. शिवलेली पिशवी ओझ्यानंच उसवली असेल, तर तिच्यात आणखी सामान भरून ती टिकत नाही. उजवी बाजू पुन्हा खाली जाईल, खालची त्वचा आणखी पातळ होईल आणि इम्प्लांटची कड बोटाला लागायला लागेल. शिवाय प्रोफाइल, म्हणजे इम्प्लांटचा पुढे येणारा उंचवटा, तेच ठेवून 425 वरून 500 वर गेलात, तर व्यासही साधारण अर्ध्या ते एक सेंटीमीटरनं वाढतो. तो वाढीव भाग एक तर काखेकडे जाणार, नाहीतर मधल्या हाडाकडे. आधीच काखेकडे घसरणाऱ्या इम्प्लांटला हे मुळीच नको.

काहीही ठरवण्याआधी पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद मिळवा. इम्प्लांटचं कार्ड किंवा स्टिकर, त्यावर कंपनी, मॉडेल, सिरियल क्रमांक, सीसी, व्यास, प्रोफाइल आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत हे लिहिलेलं असतं. सोबत ऑपरेशन नोट. स्नायू कुठून कुठपर्यंत सोडवला होता आणि चीर कुठे होती, हे त्यात सापडतं. पृष्ठभागाला महत्त्व आहे. खरखरीत इम्प्लांट्सचा संबंध कॅप्सूलमध्ये होणाऱ्या एका दुर्मिळ लिम्फोमाशी, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाशी, आढळला आहे, आणि त्याच कारणानं 2019 मध्ये ॲलर्गननं आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. त्रास नसेल तर ती घाईनं काढायला नियामक संस्था सांगत नाहीत. पण तुमचं ऑपरेशन होणारच आहे, तेव्हा आत काय आहे हे आधी कळलेलं बरं. एखादा स्तन वर्षांनंतर अचानक सुजला, तर आतलं पाणी सुईनं काढून त्याची सीडी30 चाचणी, म्हणजे याच लिम्फोमाची खूण शोधणारी चाचणी, करायची असते. तुमचा कडकपणा हळूहळू आला असेल तर हा प्रकार असण्याची शक्यता कमी, तरी सर्जनला नेमकं सांगा: कधीपासून, हळूहळू की एकदम.

दुसरं, तपासणी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची 2020 ची शिफारस अशी: सिलिकॉन इम्प्लांट फुटलंय का हे पाहण्यासाठी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय 5 ते 6 वर्षांनी, पुढे दर 2 ते 3 वर्षांनी. तुमची आठ वर्षं उलटलीत आणि पत्रात तपासणीचा उल्लेख नाही. डावं इम्प्लांट फुटलेलं असेल तर जेल बाहेर आलेलं असू शकतं, कॅप्सूल जास्त प्रमाणात काढावी लागते, वेळही जास्त जातो. हे ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं केव्हाही चांगलं. वयानुसार मॅमोग्राम लागू असेल तर तोही आधीच उरका. ऑपरेशननंतर काही महिने आतले व्रण चित्र गढूळ करतात.

आता मोजमाप. चांगला सर्जन बसलेल्या आणि उभ्या अवस्थेत कॅलिपर आणि टेप घेऊन मोजतो. मोजल्याशिवाय आकडा सांगितला असेल, तर तो आकडा विसरा.

पहिलं माप स्तनाच्या पायाची रुंदी. इम्प्लांटचा व्यास या रुंदीपेक्षा साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर कमी हवा, कारण दोन्ही कडांना झाकायला तुमच्या स्वतःच्या ऊती लागतात. समजा रुंदी 12.5 सेंमी भरली, तर इम्प्लांट 11.5 ते 12 सेंमीचं. आता 12 सेंमी व्यासात मध्यमपेक्षा थोड्या वरच्या प्रोफाइलमध्ये ढोबळमानानं 275 ते 300 सीसी बसतात, उंच प्रोफाइलमध्ये 350 ते 375. कंपनीनुसार थोडं इकडेतिकडे होतं. म्हणजे सीसीचा आकडा तुमच्या छातीच्या मापातून बाहेर येतो, कुणाच्या इच्छेतून नव्हे. व्यास कमी करून सीसी राखायचे असतील तर उंच प्रोफाइल घेता येतं, पण पातळ ऊतींत ते वरच्या बाजूला पायरीसारखं दिसतं आणि दाब एकाच जागी येतो. दुसऱ्या कुणाचे फोटो दाखवून ‘असे हवेत’ म्हणण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. तिच्या छातीची रुंदी तुम्हाला ठाऊक नसते. ब्राच्या कपाचंही तेच. कपाची मापं कंपनीगणिक बदलतात.

दुसरं, चिमटा. कॉलरबोनच्या खाली, स्तनाच्या वरच्या भागात त्वचा आणि चरबी चिमटीत धरून कॅलिपरनं जाडी मोजतात. 2 सेंमीच्या खाली भरली, तर स्नायूचं पांघरूण हवं असा सर्वसाधारण दंडक आहे. खालच्या घडीपाशीही चिमटा घेतात. तिथे अर्ध्या सेंमीहून कमी असेल तर कड लागण्याचा आणि त्वचा पातळ होण्याचा धोका मोठा.

तिसरं माप तुमच्या उजव्या बाजूसाठी सगळ्यात महत्त्वाचं: त्वचा ताणून स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर. 300 सीसीच्या आसपासच्या इम्प्लांटला ते साधारण 8 सेंमी लागतं, 375 ला 9 च्या आसपास. तुमच्या उजवीकडे ते 11-12 भरलं, तर इम्प्लांटनं घडी मोडून खाली जागा केली असण्याची शक्यता दाट. इथे एक मेख आहे. तुमचं स्तनाग्र वर बघतं म्हणून ते वर गेलंय असं वाटतं, पण बहुतेकदा ते जागेवरच असतं, खालचा सगळा भाग उतरलेला असतो. अशा वेळी घडी न दुरुस्त करता स्तनाग्र आणखी वर उचललं, तर ते ब्रामधून बाहेर डोकावायला लागतं, आणि वर गेलेलं स्तनाग्र पुन्हा खाली आणणं फार अवघड. तेव्हा क्रम असा: आधी घडी तिच्या जागी, मग इम्प्लांट आत, मग टेबलावर तुम्हाला बसतं करून स्तनाग्र कुठे आलं ते पाहणं, आणि त्यानंतरच त्वचा काढायची की नाही हा निर्णय. उजवीकडे उचलणं लागेल आणि डावीकडे नाही, किंवा उलटही, असं होऊ शकतं. दोन्हीची संमती आधी देऊन ठेवा.

उजवीची दुरुस्ती म्हणजे कॅप्सुलोराफी. कॅप्सूलची खालची आणि काखेकडची भिंत आतून न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून कप्पा लहान करायचा. इथेच 325 वाल्या सल्ल्यातला सापळा आहे: लहान इम्प्लांट जुन्या, मोठ्या कप्प्यात नुसतं सोडून दिलं तर ते आणखी भटकतं. लहान इम्प्लांट आणि लहान केलेला कप्पा या जोडीनंच जायच्या गोष्टी आहेत. कॅप्सूल पातळ असेल तर टाके तिला फाडून निघतात. मग खालून आधार म्हणून मेश, म्हणजे जाळी, किंवा प्रक्रिया केलेली त्वचा, ज्याला एडीएम म्हणतात, शिवावी लागते. किंवा जुनी कॅप्सूल तिथेच दाबून तिच्यापुढे, पण स्नायूखालीच, नवा नेमका कप्पा कोरतात. जिथे कप्पा सगळीकडूनच सैल झालाय तिथे हा दुसरा मार्ग चांगला टिकतो.

डाव्या बाजूचा कडकपणा बेकर श्रेणीनं सांगतात. पहिली म्हणजे मऊ, दुसरी हाताला किंचित घट्ट, तिसरी घट्ट आणि आकारही बदललेला, चौथीत दुखतंसुद्धा. नुसत्या दुसऱ्या श्रेणीसाठी सहसा कुणी ऑपरेशन करत नाही. तिसरी-चौथी असेल तर कॅप्सूल काढणं आणि नवं इम्प्लांट, शक्यतो नव्या कप्प्यात. जुनं इम्प्लांट धुऊन परत घालायला नाही म्हणा. आवरण आवळण्यामागे पृष्ठभागावर चिकटलेल्या जिवाणूंचा पातळ थर हे एक प्रमुख कारण मानलं जातं आणि तो धुतल्यानं जात नाही. कॅप्सूल ‘अख्खी, न फोडता’ काढण्याचा आग्रहही धरू नका. गाठीचा संशय नसेल तर त्याची गरज नसते, आणि मागची भिंत बरगड्यांना घट्ट चिकटलेली असली तर ती ओढताना फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडू शकतं. तेवढा भाग तिथेच सोडणं हे शहाणपणाचं काम आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, वर की खाली.

स्नायूखाली घालताना छातीच्या, म्हणजे पेक्टोरल, स्नायूची खालची कड बरगडीवरून सोडवावी लागते. ती सुटलेली कड मग इम्प्लांटच्या कॅप्सूलला चिकटते. त्यामुळे तुम्ही ढकलण्याचा किंवा उचलण्याचा व्यायाम केला, की स्नायू आखडताना इम्प्लांटला बाहेर आणि वर रेटतो. यालाच ॲनिमेशन डिफॉर्मिटी म्हणतात. स्नायूखालच्या बहुतेक इम्प्लांट्समध्ये थोडीफार हालचाल असतेच. मधल्या हाडाजवळचा स्नायू जास्त सोडवला असेल तर ती ठळक होते. स्नायू तसाच ठेवून ती पूर्ण घालवता येत नाही. ती मुळापासून घालवायची तर इम्प्लांट स्नायूच्या वर आणायचं आणि सुटलेला स्नायू परत छातीच्या भिंतीला शिवून टाकायचा.

वर आणण्याची किंमत वेगळी आहे. वरच्या भागात तुमच्याकडे पांघरूण किती, यावर सगळं अवलंबून. चिमट्यात 2 सेंमीपेक्षा जास्त भरलं, तर वर आणणं सोपं आणि निकालही चांगला. आठ किलो वजन उतरल्यावर ते 1 ते 1.5 भरण्याचीच शक्यता जास्त वाटते. तसं असेल तर इम्प्लांटची वरची कड आणि सुरकुत्या, विशेषतः पुढे वाकल्यावर, दिसायला लागतील. त्यावर उपाय आहेत: जास्त घट्ट जेल असलेलं इम्प्लांट, वरून मेश किंवा एडीएमचा थर, आणि पोट-मांडीची चरबी काढून वरच्या भागात भरणं. पण घातलेल्या चरबीतला बराच भाग पहिल्या काही महिन्यांत विरून जातो, त्यामुळे दुसरी बैठक लागू शकते, आणि बारीक बायकांकडे काढायला चरबीच नसते. ग्रंथीखालच्या, म्हणजे स्नायूवरच्या, कप्प्यात आवरण आवळण्याचं प्रमाणही स्नायूखालच्यापेक्षा जास्त असतं. तुमच्या डाव्या बाजूला ते एकदा झालंय, ही गोष्ट वजनात धरायला हवी. मॅमोग्राममध्ये ग्रंथी नीट दिसायलाही स्नायूखालचं इम्प्लांट जरा सोयीचं पडतं.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा: व्यायाम करताना दिसणारी हालचाल तुम्हाला रोज बोचते, की फक्त आरशासमोर मुद्दाम छाती आवळली की दिसते? तुमच्या व्यायामात वजनं उचलणं, दंड काढणं रोजचं असेल आणि हालचालीबरोबर दुखतही असेल, तर वर आणण्याचा खटाटोप, मेशसह, करण्यासारखा आहे. नाहीतर आमचा कल स्नायूखालीच राहून नवा कप्पा कोरण्याकडे. लहान आणि हलक्या इम्प्लांटनं हालचालही थोडी कमी दिसते. पण सर्जननं ‘खालीच ठेवून हालचाल पूर्ण बंद करतो’ असं सांगितलं, तर ते कसं ते सविस्तर विचारा.

लहान दिसण्याची तुमची भीती रास्त आहे. 425 वरून 325 वर गेलात तर फरक दिसेल, नाही असं नाही. पण उजवा स्तन आज घडीखाली पसरलाय, त्यातला बराच खंड चुकीच्या जागी आहे. तोच वर आणून मध्यभागी आणला की कमी सीसीतही वरचा भाग भरलेला दिसतो. सर्जनला एकच आकडा मागू नका, पल्ला मागा, उदाहरणार्थ 300 ते 375, आणि टेबलावर तात्पुरते सायझर, म्हणजे मापं पाहायची चाचणीची इम्प्लांट्स, घालून, बसतं करून ठरवायला सांगा. मागवलेल्या पेट्यांत मापं आणि प्रोफाइल दोन-तीन प्रकारची असली पाहिजेत. दोन्ही बाजूंना वेगळं माप लागलं तर दचकू नका. बरगड्या दोन्हीकडे सारख्या नसतात, आणि उजवी-डावी आता दोन वेगळ्या तक्रारींतून येताहेत. मात्र दोन्ही इम्प्लांट्स एकाच वेळी बदला; एक जुनं आणि एक नवं ठेवलं, तर स्पर्श आणि वागणूक वेगळी राहते.

सगळं एका बैठकीत करायचं का, हाही विचार करा. कॅप्सूल काढणं, कप्पा बदलणं, नवं इम्प्लांट आणि वर त्वचा काढून उचलणं हे एकदम केलं, तर स्तनाग्राच्या रक्तपुरवठ्यावर ताण येतो, विशेषतः पहिली चीर स्तनाग्राभोवती असेल तर. ऊती फार पातळ असतील तर आधी इम्प्लांट काढून दुरुस्ती, आणि 3 ते 6 महिन्यांनी पुढचा टप्पा, हा संथ मार्ग सुरक्षित असतो. ‘परत परत ऑपरेशन नको’ म्हणून सगळं एकदम कोंबणं हेच कधीकधी तिसऱ्या ऑपरेशनचं कारण बनतं. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीचं प्रमाण पहिलीपेक्षा जास्त असतं. इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं, हेही धरून चाला.

वेळेबद्दल. अंगावर पाजणं थांबवून किमान 3 ते 6 महिने झालेले असावेत आणि वजन काही महिने स्थिर असावं. आणखी मूल हवं असेल तर शक्य झाल्यास हे सगळं त्यानंतर. सिगारेट आणि कुठल्याही रूपातलं निकोटिन, च्युइंग गम आणि पॅचसुद्धा, आधी 4 आठवडे आणि नंतर 4 आठवडे पूर्ण बंद. पातळ त्वचेखाली टाके घालायचे असताना रक्तपुरवठ्याशी खेळ नको.

दोन्ही सर्जनना परत भेटून हे विचारा: माझ्या स्तनाच्या पायाची रुंदी, चिमटा आणि ताणून मोजलेलं घडीचं अंतर, तिन्ही आकडे दोन्ही बाजूंचे लिहून द्याल का? कप्पा लहान कसा करणार, टाके कोणते? जुनी कॅप्सूल ठेवणार की काढणार, आणि कुठली भिंत? मेश लागेल असं कधी ठरवणार? माझ्यासारखी, घडीखाली उतरलेली उजवी बाजू तुम्ही दुरुस्त केली त्याचे एक वर्षानंतरचे फोटो दाखवाल का? तीन महिन्यांचे फोटो या तक्रारीत फसवे असतात, तोवर टाके ताजे असतात. 500 सुचवणाऱ्या सर्जनकडे या मापांवरून पटेल असं उत्तर असलं, तर ते ऐका.

ऑपरेशननंतर पहिल्या वेळचे नियम आठवून वागू नका. तेव्हा मसाज करायला सांगितला असेल. आता कप्पा शिवलेला असेल तर मसाजानं टाके तुटतात, तो सर्जननं स्पष्ट सांगितल्याशिवाय करायचा नाही. घडीखाली पट्टी किंवा घट्ट बसणारी, तार नसलेली ब्रा साधारण 6 आठवडे रात्रंदिवस. पाठीवरच झोपायचं. पहिले 4 ते 6 आठवडे जड उचलायचं नाही, त्यात मूलही आलं, तेव्हा घरातल्या दुसऱ्या हातांची सोय आधीच करून ठेवा. छातीचा व्यायाम 6 ते 8 आठवड्यांनी, हळूहळू, सर्जनला विचारून. घडी सुरुवातीला मुद्दाम थोडी वर आणि आवळलेली ठेवतात. म्हणून पहिल्या महिन्यात स्तन चपटे, उंच आणि लहान वाटतील आणि 325 कमीच पडले असं मनात येईल. आकार 3 ते 6 महिन्यांत बसतो, तोवर मापाचा निवाडा करू नका. एका बाजूला अचानक मोठी सूज आली, एकाच बाजूचं दुखणं वाढत गेलं, त्वचा लाल-गरम झाली, ताप आला किंवा स्तनाग्र काळसर पडलं, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच तासाला सर्जनला फोन करा.